फरक फक्त पत्त्याचा

काकूला जाऊन दोन हिवाळे उलटले होते, तरी या घरात ती रोज सकाळी चहाच्या वेळेला नव्याने मरत असे.

काका मागच्या खोलीतून स्वेटर उलटा घालून यायचे, टेबलाभोवतीच्या खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवायचे आणि विचारायचे, "ही कुठंय?" त्यांचे थोरले भाऊ हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवत, चष्मा काढत आणि शांतपणे सांगत, "ती वारली. आता ती कुठेही नाही. वारलेली माणसं कुठेही नसतात."

मग काका रडायचे. बातमी आत्ता कानावर पडली की माणूस जसा रडतो तसे, कारण त्यांच्या लेखी ती आत्ताच पडलेली असायची. "मला कुणी उठवलं का नाही? शेवटच्या वेळी मी कुठे होतो?" असं विचारायचे. वास्तविक शेवटच्या वेळी काकूचा हात त्यांच्याच हातात होता. पण हे सांगायला तिथे बसून राहावं लागतं, आणि थोरले तोवर चष्मा लावून पुन्हा वर्तमानपत्रात शिरलेले असत. पुढचं काम थोरल्यांच्या सुनेचं. ती नाक पुसायची, स्वेटर सुलटा करायची, चहा पुन्हा गरम करायची. एवढं होईतो काका कशाला रडत होते तेच विसरायचे. गाल तेवढे ओले राहायचे. ते गालाला हात लावायचे, बोटं बघायचे, मग छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "गळतंय का गं कुठून?"

बरा दिवस असला की काकू एकदाच मरायची. वाईट दिवस असला की जेवणालाही.

थोरल्यांना घरात समोर 'बाबा' आणि पाठीमागे 'अध्यक्ष' म्हणत. शहरातल्या निरीश्वर मंडळाचे ते इतकी वर्षं अध्यक्ष होते की बाकीचे सभासद एकेक करून वारले आणि, मंडळाच्याच मताप्रमाणे, कुठेही गेले नाहीत. उरले ते अध्यक्ष. दोघा भावांचा धंदा वजनकाट्यांचा. काका पितळी वजनं घासूनपुसून बरोबर करायचे, अध्यक्ष काटा तपासून शिक्का मारायचे. "काट्याला कुणाची दया येत नाही, म्हणून तर लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात," हे त्यांचं वाक्य कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं. सुनेलाही पाठ होतं. लग्न ठरवताना तेच तिला आवडलं होतं, हे तिला आता आठवलं की स्वतःचाच राग यायचा.

शनिवारी सकाळी मात्र काकांनी बातमी ऐकून दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. एकदा नाही, सुनेने धावत येऊन धरेपर्यंत. कपाळावर पट्टी बांधता बांधता सुनेने ठरवलं की हा विषय रविवारच्या बैठकीत घ्यायचा.

या घरात देव नव्हता, पण बैठक होती. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांनी बसायचं, विषय मांडायचा, हात वर करून मत द्यायचं आणि अध्यक्षांनी पितळी वजन टेबलावर आपटून निकाल सांगायचा. कारखान्याची वाटणी इथेच झाली. नणंदेचं लग्न मोडावं की निभवावं हेही इथेच मताला टाकलं गेलं. त्या वेळी सुनेचा नवरा, म्हणजे नणंदेचा धाकटा भाऊ, तटस्थ राहिला होता. नणंद त्याच्याशी बराच काळ बोलत नव्हती. तिने काडीमोड घेतला, त्याने तटस्थपणा काही सोडला नाही.

त्या रविवारी काका मागच्या खोलीत झोपले होते. सासूबाई मटार सोलत होत्या. नणंद कोट न काढताच बसली होती, म्हणजे लवकर निघायचं होतं. नवऱ्याने कारखान्यातला एक छोटा काटा दुरुस्तीला बरोबर आणला होता. वाद होणार असला की त्याला हटकून काहीतरी दुरुस्त करायचं असे.

"बोल," अध्यक्ष सुनेला म्हणाले. "मुद्द्याचं बोल."

"मुद्द्याचंच बोलते. उद्यापासून काकांना काकू गेल्याचं सांगायचं नाही."

"मग काय सांगायचं?"

"बाजारात गेलीय. येईल. बस, एवढंच. पाव तासात ते विसरतात. रडणं नाही, कपाळ फोडणं नाही."

अध्यक्षांनी वजन हातात घेऊन तळव्यावर तोललं. "खोटं सांगायचं."

"हो."

"पाव तासाच्या समाधानासाठी."

"तुम्ही पाव तासाच्या सत्यासाठी त्यांना रोज रडवताच की."

मटार सोलणारा हात थांबला. नवरा काट्यात आणखी खोल वाकला. अध्यक्ष रागावले नाहीत; ते वादात कधीच रागावत नसत, आणि समोरच्याला त्याचाच जास्त ताप होई. "हे बघ," ते म्हणाले, "धर्मगुरू विधवेला काय सांगतो? तो वर आहे, तुझी वाट बघतोय. तू काय सांगायला सांगतेस? ती बाजारात आहे, तू तिची वाट बघ. फरक फक्त पत्त्याचा."

"बाजार जवळ तरी आहे," सासूबाई म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नकोस."

"बैठक आहे ना? मग मध्येच बोलणार. बैठकीला दुसरं असतं काय?"

नणंद महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवायची. बराच वेळ तिने स्वतःला आवरलं होतं, पण आता दोन बोटं वर आली. "इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय."

"झालं," नवरा काट्याला म्हणाला.

"तू गप रे. बाबा, तुम्ही नास्तिक आहात. नास्तिकता म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर. देव आहे का? नाही. संपलं. त्या उत्तरातून माणसाशी कसं वागायचं ते निघत नाही. नास्तिक माणूस मायाळू असेल, मारकुटाही असेल. माझा नवरा नास्तिकच होता, तुम्हीच पसंत केला होता."

अध्यक्षांनी वजन खाली ठेवलं.

"मानवतावाद तिथून पुढे सुरू होतो. वरून कुणी येणार नाहीये, मग समोरच्या माणसाचं दुःख ही आपली जबाबदारी. चांगलं काय, वाईट काय, हे माणसाचं बरं कशात आहे त्यावरून ठरवायचं, विचार करून, एकमेकांना विचारून. देव न मानणं ही त्याची अटसुद्धा नाही. देव मानणारी माणसंही असा विचार करणारी असतात."

"बेरीज चुकणारा माणूसही मनाने चांगला असू शकतो," अध्यक्ष म्हणाले. "मी कधी नाही म्हटलं?"

"म्हणजे ताई, तुमचं मत माझ्या बाजूला," सून म्हणाली.

नणंदेची दोन बोटं हवेतच राहिली. "तसं नाही ना म्हणता येत, वहिनी. माणसाला मान द्यायचा तर त्याला फसवायचं नाही, हेही त्यातच येतं. काका म्हणजे काही लहान मूल नाहीत. त्यांच्या बायकोचं मरण त्यांचं आहे. ते त्यांच्यापासून लपवणारे आपण कोण?"

"मग नक्की कुणाच्या बाजूला?" सासूबाईंनी विचारलं.

"तेच ठरत नाहीये."

"इतकं शिकून?"

"आई, शिकल्यामुळेच."

मग अध्यक्षांनी मत मागितलं. सून आणि सासूबाई यांचे हात एका बाजूला. दुसऱ्या बाजूला अध्यक्ष, आणि जरा वेळाने, कुणाकडे न बघता, नणंद. नवऱ्याचे दोन्ही हात काट्यात होते.

"अरे, तुझा काका आहे तो," सासूबाई म्हणाल्या.

"दोघांचंही बरोबर आहे," तो म्हणाला. "मी काय करू? पारडं हलतच नाही."

सुनेला वाटलं, हसावं की याच्या डोक्यात तो काटा घालावा. ती एका दवाखान्यात हातपाय मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायची. तिथे पेशंट ओरडला तर दोन गोष्टी करता येत: थांबायचं किंवा पुढे जायचं, पण काहीही केलं तरी त्याचं वजन आपल्या खांद्यावर असायचं. खांदा काढून घेऊन कुणी सल्ला देत नसे. या टेबलावर सगळे सल्लाच देत होते.

"बाबा," ती म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सांगितलंत की देव नाही. मी म्हटलं, बरं. मला पटलंही. मला वाटलं, आता पुढचं सांगतील. देव नाही, म्हणून आपण एकमेकांशी असं असं वागतो. ते पुढचं ऐकायला मी अजून बसलेय."

"आपण खोटं बोलत नाही. तेच पुढचं."

"तुम्ही खरं बोलता आणि पेपर वाचता. त्याच्या पुढचं सगळं मी करते. काका ज्या शर्टात तोंड खुपसून रडतात तो शर्ट माझा असतो."

अध्यक्षांनी टेबलावरचं वजन उगाच सरळ केलं.

"ठीक आहे," तीच म्हणाली. "मतं सारखी पडलीत. मी माझं मागे घेते. सांगा खरं. पण आज सांगून झाल्यावर तुम्ही उठायचं नाही. पेपर नाही. त्यांचा हात धरून बसायचं, ते थांबेपर्यंत. मी तिकडे दारात उभी राहते. मी नाही येणार."

"मान्य," अध्यक्ष म्हणाले. "त्यात काय अवघड आहे?" आणि त्यांनी वजन उचललं, पण ते आपटण्याआधीच मागच्या खोलीची कडी वाजली.

काका आले. कपाळावर पट्टी, केस एका बाजूला चपटे. एवढी माणसं बघून त्यांना आनंद झाला. "सगळे जमलेत! कुणाचं लग्न आहे?"

"या, बसा," सासूबाई म्हणाल्या.

काका भावाच्या शेजारी बसले. खुर्च्यांवरून नजर फिरली. सून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि आपण पळून आलो असं तिला वाटलं.

"दादा, ही कुठंय?"

अध्यक्षांनी सवयीने चष्मा काढला.

आणि दारात उभ्या असलेल्या सुनेला इतक्या दिवसांत प्रथमच एक साधी गोष्ट दिसली. चष्म्याशिवाय या माणसाला हाताच्या अंतरावरचा चेहरा म्हणजे नुसता धुरकट डाग. सत्य सांगताना समोरच्याचा मान म्हणून ते चष्मा काढतात, असं सगळं घर समजत होतं. कदाचित तेही तसंच समजत असतील.

"बाबा," ती म्हणाली, "चष्मा लावून सांगा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा लावला आणि भावाकडे वळले.

काका हसतमुख बसले होते. बायको घरात कुठेतरी असणार, आता दादा खोली सांगेल, एवढीच त्या चेहऱ्यावर उत्सुकता. मान थोडी पुढे, भुवया वर, त्यामुळे पट्टीला सुरकुती पडलेली. अध्यक्षांनी तोंड उघडलं. मिटलं. हात टेबलावरून सरकत भावाच्या हातापर्यंत गेला आणि त्यावर राहिला.

"बाजारात गेलीय," अध्यक्ष म्हणाले.

नवऱ्याने काटा खाली ठेवला.

"एकटीच?"

"हो. येईल. संध्याकाळपर्यंत येईल."

"मला सांगून नाही गेली," काका लटक्या रागाने म्हणाले. "आल्यावर बघतो तिच्याकडे."

बस, एवढंच झालं. पण घरात जणू कुणीतरी खिडकी उघडली. काकांनी पावाचे तुकडे सूपमध्ये बुडवून वाडगा साफ केला, आणखी मागितलं. नणंदेने कोट काढला आणि काकांचे केस विंचरले. ती रडत होती आणि विंचरता विंचरता हसतही होती. "अध्यक्ष एकमताने निवडून आले," सासूबाई म्हणाल्या. नवरासुद्धा म्हणाला, "मी हेच म्हणणार होतो." सुनेला वाटलं, जिंकलो. अध्यक्ष तेवढे स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले होते, कुणा परक्या माणसाचा असावा तसे.

थोड्या वेळाने काकांनी कोट मागितला, पुढचं दार उघडलं आणि रस्त्याकडे तोंड करून पायरीवर बसले.

"विसरतील आत्ता," सून म्हणाली.

पाव तास गेला. काका विसरले नाहीत. समोरच्या दुकानदाराने फळ्या लावल्या. दिवे लागले. वारा सुटला. एकेक माणूस पिशवी घेऊन वळणावरून येई, काका अर्धवट उठत, परत बसत.

सून बाहेर गेली. "काका, आत चला. थंडी आहे."

"ही आली की जाऊ."

"उशीर होईल त्यांना."

"दादा म्हणाला, संध्याकाळपर्यंत येईल."

"दादांचा अंदाज चुकला असेल."

काका तिच्याकडे बघून मनापासून हसले. "दादाचा? अगं, दादा चुकत नाही. आणि खोटं तर बोलतच नाही. साऱ्या शहरात विचार."

सुनेने सगळा हिशेब विसरण्यावर मांडला होता. नवऱ्याने सांगितलं असतं तर काका विसरले असते. तिने, नणंदेने, कुणीही. पण सांगितलं होतं दादाने. या माणसाला स्वतःच्या खोलीचं दार आठवत नव्हतं, हातातल्या चमच्याचं काय करायचं ते आठवत नव्हतं. दादाचा शब्द मात्र मेंदूच्या तळाशी, सगळं वाहून गेल्यावर उरतो त्या दगडासारखा, तसाच होता. अध्यक्षांनी जन्मभर एकही खोटं न बोलता जी पत जमवली, ती सगळी सुनेने त्यांना एका वाक्यावर लावायला लावली होती.

ती आत धावली. "बाबा, चला. त्यांना खरं सांगा. मी बसते हात धरून. चला लवकर."

अध्यक्ष आले. गुडघ्यावर हात टेकून पायरीवर भावाशेजारी बसले. चष्मा डोळ्यांवरच होता.

"ऐक," ते म्हणाले. "ती येणार नाही. ती वारली. दोन वर्षांपूर्वी. तू तिच्याजवळ होतास."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. सून त्यांच्या रडण्याची तयारी करून उभी होती. हुंदका कुठल्या खांद्यावर येतो तेही तिला माहीत होतं. हुंदका आला नाही.

"दादा," काका हळूच म्हणाले, "दुपारी तूच म्हणालास, बाजारात गेलीय."

"ते खोटं होतं."

"तू?"

"मी."

काकांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. इकडेतिकडे पाहिलं आणि कुणी ऐकू नये म्हणून आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नकोस. होतं असं या वयात. मलाही कधीकधी काही आठवत नाही. थोडं पडून उठ, बरं वाटेल."

अध्यक्षांनी चष्मा काढला, आणि पुन्हा लावला.

शेवटी काकांना उचलूनच आत आणावं लागलं. नवरा आणि नणंद, दोघांनी. ते लाथा झाडत होते आणि रस्त्याकडे बघून काकूला हाका मारत होते.

सकाळी चहाच्या वेळी ते टेबलाशी आलेच नाहीत. कुणीही उठायच्या आत पायरीवर जाऊन बसले होते. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. दाराला कुलूप लावलं तर आतून दार बडवायचे, म्हणून कुलूप काढलं. आता ते काही विचारत नसत. रडतही नसत. जेवण पायरीवर नेलं तर म्हणत, ही आल्यावर. आधी खोकला लागला, मग तो छातीत उतरला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं की यांना उबेत ठेवा, नाहीतर काही खरं नाही. सून 'हो' म्हणाली. उबेत कसं ठेवायचं हे तिने विचारलं नाही, कारण ते डॉक्टरीणबाईंना कुठून माहीत असणार?

पुढच्या रविवारी बैठक झाली नाही. नणंद आलीच नाही. तिने निरोप पाठवला की विचार करतेय. सासूबाई म्हणाल्या, "आपण उगाच हात लावला. रडून मोकळा होत होता बिचारा." त्यांनी आपलं मत फिरवलं होतं, आणि ते कुणी मोजणार नव्हतं. नवरा कारखान्यात होता.

सून घोंगडी घेऊन बाहेर गेली. पायरीवर काका, आणि त्यांच्या शेजारी अध्यक्ष, कानटोपी घालून. दोघं रस्त्याकडे बघत होते. तिने घोंगडी दोघांच्या पाठीवर पसरली. काकांच्या श्वासाचा आवाज येत होता, शिट्टीसारखा.

"बाबा, माझं चुकलं," ती म्हणाली.

"तुझं चुकलं," अध्यक्ष म्हणाले. "माझंही चुकलं होतं. बरोबर काय होतं ते सांगता येतंय का तुला?"

तिने घोंगडीचं टोक नीट केलं.

"मला वाटायचं," ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "की वर कुणी नाही एवढं एकदा कळलं की अर्धं काम झालं. काम सुरूही झालं नव्हतं गं. आणि आता..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

तीही त्यांच्या बाजूला टेकली. पायरी लहान होती. तिघं अगदी दाटीवाटीने बसले, आणि काका खोकत खोकत अस्वस्थ झाले. त्यांनी भावाला कोपराने ढोसलं.

"दादा, सरक ना जरा. दमून येईल ती. तिला बसायला जागा नको?"

अध्यक्षांनी सुनेकडे पाहिलं. मग ते पायरीच्या पार कडेला सरकले, आणि दोघा भावांच्या मध्ये एका माणसापुरती जागा मोकळी झाली.